एक तक्रार, तीन बिघाड: डेस्कटॉपवरचे शॉर्टकट बंद पडल्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मजकूर तयार करणाऱ्या एका छोट्या विभागातले हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तांत्रिक भाग जसाच्या तसा ठेवला आहे. विभागातले सगळे संगणक लिनक्सवर चालतात, डेस्कटॉप एक्सएफसीई (मेनू, पॅनेल, खिडक्या दाखवणारा भाग) आणि त्याखाली एक्स११ (कीबोर्ड-स्क्रीन सांभाळणारी यंत्रणा; तिचा मुख्य प्रोग्रॅम म्हणजे एक्स सर्व्हर). दिवसभराचे टंकन लिबरऑफिस रायटरमध्ये होते. तयार मजकुराची नोंद जावावर चालणाऱ्या एका जुन्या नोंदणी-प्रोग्रॅममध्ये करावी लागते. कीबोर्डचे दोन लेआउट (कोणत्या बटणावर कोणते अक्षर याची मांडणी) लावलेले: मराठी इनस्क्रिप्ट आणि साधा अमेरिकन इंग्रजी.

तक्रार करणाऱ्या टंकलेखिका अनुभवी होत्या. माउसला हात न लावता काम करण्याची त्यांची सवय, त्यामुळे शॉर्टकट बिघडले की त्यांचा वेग थेट निम्म्यावर येतो. माउसने काम करणाऱ्याला हा बिघाड आठवडाभर जाणवणारही नाही. अशा तक्रारीला ‘किरकोळ’ म्हणून रांगेत मागे ढकलणे चुकीचे आहे, आणि इथे नेमके तेच आधी झाले होते.

तक्रार काय होती

नोंदवहीत एकच ओळ होती: ‘शॉर्टकट चालत नाहीत.’ शेजारी बसून विचारल्यावर त्या एका ओळीतून वेगवेगळ्या गोष्टी बाहेर आल्या.

रायटरमध्ये कंट्रोल + एफ३ दाबले की ऑटोटेक्स्टची (साठवून ठेवलेली वाक्ये घालण्याची) खिडकी उघडायला हवी. ती उघडत नव्हती. कंट्रोल + एफ१२ ने तक्ता घालता येतो; तेही मुके झाले होते. दाबल्यावर काहीच घडत नव्हते, चुकीचेसुद्धा नाही.

कंट्रोल + शिफ्ट + व्ही हे ‘पेस्ट स्पेशल’चे (मजकूर कोणत्या रूपात चिकटवायचा ते विचारणारे) शॉर्टकट मात्र लहरी होते. कधी खिडकी न उघडता मजकूर मूळच्या फॉन्ट-रंगासकट येऊन पडे, तर कधी निवडलेला मजकूर पुसून त्या जागी नुसते इंग्रजी व्ही उमटे.

नोंदणी-प्रोग्रॅममध्ये मराठी लेआउट चालू असताना कंट्रोल + सी आणि कंट्रोल + व्ही चालत नव्हते. इंग्रजीवर गेले तरी नाही.

ही तीन लक्षणे वेगवेगळ्या जातीची आहेत: एक पूर्ण गप्प, एक लहरी, एक ठरावीक प्रोग्रॅमपुरते. तिन्हींवर एकच औषध शोधणे हाच या प्रकरणातला मूळ घोळ होता.

आधी काय करून झाले होते

पहिल्या मदतनीसाने कीबोर्ड बदलला. फरक पडला नाही. मग लिबरऑफिस काढून पुन्हा टाकले. तरीही नाही. शेवटी वापरकर्त्याच्या कॉन्फिग फोल्डरमधला लिबरऑफिसचा ‘यूजर’ फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवला, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने कोरी प्रोफाइल (वापरकर्त्याच्या मांडणीचा साठा) बनवतो.

या शेवटच्या पायरीने नवे नुकसान झाले. वापरकर्त्याने स्वतः तयार केलेला ऑटोटेक्स्ट त्याच प्रोफाइलमध्ये, ‘ऑटोटेक्स्ट’ नावाच्या उपफोल्डरात असतो. शब्दकोशात घातलेले शब्द आणि स्वतः नेमलेले शॉर्टकटही तिथेच. आता शॉर्टकट चालत नव्हते आणि वर्षानुवर्षे जमवलेली वाक्येही दिसेनाशी झाली. फोल्डर पुसला नव्हता, फक्त नाव बदलले होते, म्हणून तो परत आणता आला. प्रोफाइलवर संशय असेल तर आधी ‘मदत’ मेनूतून सेफ मोडमध्ये प्रोग्रॅम सुरू करावा. त्यात प्रोफाइलला हात न लावता कोऱ्या मांडणीत तपासता येते, आणि तिथेही कंट्रोल + एफ३ गप्प राहिले असते तर दोष रायटरचा नाही हे दोन मिनिटांत कळले असते.

दूरवरून स्क्रीन घेऊनही एकदा तपासणी झाली होती. त्यात मदतनीसाचा निष्कर्ष होता की ‘कंट्रोल + एफ३ पोहोचतच नाही’. निष्कर्ष खरा निघाला, पण पुरावा खोटा होता. दूर-डेस्कटॉपच्या खिडकीत कीबोर्ड पूर्ण ताब्यात घेण्याचा पर्याय बंद असेल, तर ते बटण मदतनीसाच्याच संगणकावर खर्च होते. शॉर्टकटची तपासणी दुरून करायची असेल तर बटणे तिकडच्या माणसाने दाबायची आणि आपण फक्त पाहायचे.

बटण दाबल्यापासून प्रोग्रॅमपर्यंतचा रस्ता

पुढचा तपास समजायला हा रस्ता डोळ्यासमोर हवा.

कीबोर्ड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, क्रमांक पाठवतो. त्या थरावर डावा कंट्रोल २९, डावे शिफ्ट ४२, व्ही ४७. एक्स सर्व्हर या प्रत्येकात ८ मिळवतो, म्हणून तिथे तेच ३७, ५० आणि ५५ दिसतात. इथपर्यंत भाषेचा संबंध नाही. ही फक्त बटणाची जागा असते. मग एक्सकेबी हा भाग लेआउट पाहून ठरवतो की ५५ म्हणजे कोणते अक्षर: इंग्रजी गटात (गट म्हणजे लावलेला एक लेआउट) व्ही, इनस्क्रिप्टमध्ये न. असे जास्तीत जास्त चार गट एका वेळी लावता येतात.

त्यानंतर सर्व्हर पाहतो की हा जोड (एकत्र दाबलेली बटणे) आधीच कुणी राखून ठेवला आहे का. विंडो मॅनेजर (खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) किंवा पार्श्वभूमीत चालणारा एखादा प्रोग्रॅम ‘हा जोड माझा’ असे सर्व्हरला सांगून ठेवू शकतो. याला ग्रॅब म्हणतात. ग्रॅब असेल तर समोरच्या खिडकीला ते बटण दिसतही नाही. एकाने घेतलेला जोड दुसऱ्याने मागितला तर सर्व्हर नकार देतो. म्हणजे आधी सुरू होईल त्याचा हक्क. ‘काही दिवशी चालते, काही दिवशी नाही’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा लॉगिननंतर दोन प्रोग्रॅम सुरू होण्याचा बदलता क्रम असतो.

कुणी राखून ठेवले नसेल तरच बटण खिडकीला मिळते, आणि तिथे तो प्रोग्रॅम आपल्या पद्धतीने त्याचा अर्थ लावतो.

एक्सएफसीईमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शॉर्टकटचे दोन वेगळे मालक आहेत. टर्मिनल उघडणे, स्क्रीनशॉट घेणे अशा आदेशांचे शॉर्टकट एक्सएफसेटिंग्जडी हा पार्श्वभूमीतला प्रोग्रॅम सांभाळतो आणि ते ‘कीबोर्ड’ सेटिंगच्या ‘अॅप्लिकेशन शॉर्टकट्स’ टॅबमध्ये दिसतात. खिडकी बंद करणे, कार्यक्षेत्र (खिडक्यांसाठीचा वेगळा आभासी डेस्कटॉप) बदलणे हे एक्सएफडब्ल्यूएम४ या विंडो मॅनेजरकडे असतात आणि ते ‘विंडो मॅनेजर’ सेटिंगच्या ‘कीबोर्ड’ टॅबमध्ये. एक यादी पाहून ‘इथे तर काही नाही’ म्हणणारे दुसरी उघडतच नाहीत.

पहिला निर्णय: सगळे मूळपदावर आणायचे की आधी पाहायचे

दोन्ही टॅबमध्ये ‘रिसेट टु डिफॉल्ट्स’ हे बटण आहे आणि ते दाबायची इच्छा होतेच. ते न दाबण्याला दोन कारणे होती. वापरकर्तीने स्वतः नेमलेले आदेश त्यात पुसले गेले असते. आणि दोष मूळ मांडणीतच असेल, तर रिसेट केल्यावर तोच दोष पक्का होऊन परत आला असता. पुढे पाहता पहिला बिघाड नेमका या दुसऱ्या जातीचा निघाला.

म्हणून आधी प्रत काढली. एक्सएफसीईच्या शॉर्टकटची सगळी माहिती वापरकर्त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये, एक्सएफकॉन्फ या सेटिंग्ज-साठ्याच्या एका एक्सएमएल फाइलमध्ये असते. तिची नक्कल केली. ही फाइल चालू सत्रात हाताने संपादित करू नये, कारण तो साठा सांभाळणारा एक्सएफकॉन्फडी ती माहिती स्मृतीत धरून असतो आणि पुढच्या बदलाला आपली जुनी प्रत वर लिहून टाकतो. मग ‘बदल टिकत नाही’ ही चौथी तक्रार तयार होते. बदल सेटिंग्जच्या खिडकीतून किंवा एक्सएफकॉन्फ-क्वेरी या आदेशानेच करायचा.

त्याच संगणकावर चाचणीसाठी एक नवे खातेही उघडले. त्या खात्यात कंट्रोल + शिफ्ट + व्ही व्यवस्थित चालले. कंट्रोल + एफ३ मात्र तिथेही गप्प. एवढ्यावरून वाटणी झाली: लहरी बिघाड वापरकर्तीच्या मांडणीत, आणि गप्प बिघाड डेस्कटॉपच्या मूळ मांडणीत. लेआउटच्या बाबतीत या चाचणीला एक मर्यादा आहे. नवे खाते संपूर्ण संगणकासाठी ठरवलेला लेआउट घेते, तर जुन्या खात्यात ‘सिस्टिम डिफॉल्ट्स वापरा’ ही खूण काढलेली असू शकते. इथे ती काढलेली होती, आणि हाच पुढचा धागा ठरला.

तपास

हार्डवेअर आधी निकालात काढले. ईव्हीटेस्ट हा आदेश कर्नलच्या थरावरच ऐकतो, त्यामुळे लेआउट, विंडो मॅनेजर, प्रोग्रॅम यांचा प्रभाव त्यावर पडत नाही. बटण दाबले की १, धरून ठेवले की २, सोडले की ० असे आकडे येतात. २९, ४२ आणि ४७ एकत्र दाबल्यावर तिन्ही नीट उमटले. स्वस्त कीबोर्डमध्ये तीन बटणांचे काही जोड विद्युत जाळीच्या रचनेमुळेच गाळले जातात, म्हणून ही पायरी वगळू नये. मात्र ती करायला कीबोर्ड बदलावा लागत नाही.

मग एक्सईव्ही. हा आदेश एक छोटी पांढरी खिडकी उघडतो आणि त्या खिडकीला मिळालेली प्रत्येक घटना टर्मिनलमध्ये छापतो. खिडकीवर क्लिक करून कंट्रोल + एफ३ दाबले. एफ३ चे ‘कीप्रेस’ आलेच नाही. त्याऐवजी ‘फोकसआउट’ आणि त्यासोबत ‘नोटिफायग्रॅब’, लगेच मागून ‘फोकसइन’ आणि ‘नोटिफायअनग्रॅब’. ही जोडी दिसली की वाद संपतो: जोड कुणीतरी राखून ठेवला आहे आणि बटण तिकडे गेले.

कुणी राखला ते एक्सएफसीईच्या यादीत सापडले. विंडो मॅनेजरच्या मूळ मांडणीत कंट्रोल + एफ१ ते कंट्रोल + एफ१२ हे जोड कार्यक्षेत्र १ ते १२ वर जाण्यासाठी दिलेले असतात. या संगणकावर कार्यक्षेत्र एकच ठेवलेले होते. तिसरे कार्यक्षेत्र अस्तित्वात नाही म्हणून स्क्रीनवर काही हलत नव्हते, पण जोड राखलेला होताच. कार्यक्षेत्रे चार असती तर दाबल्याबरोबर सगळ्या खिडक्या गायब झाल्या असत्या आणि कारण पहिल्याच दिवशी कळले असते. एकच कार्यक्षेत्र ठेवल्यामुळे बिघाड मुका झाला. रायटर या सगळ्यात निर्दोष होता. त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नव्हते.

आता लहरी शॉर्टकट. इथे बघण्यासारखे पुष्कळ होते.

तंत्रज्ञाने सांगितले, ‘ताई, एकदा अगदी सावकाश दाबून दाखवा. आधी कंट्रोल, मग शिफ्ट, मग व्ही.’ एक्सईव्हीच्या खिडकीत मराठी गट चालू होता. कंट्रोल नीट नोंदले गेले. शिफ्टच्या ओळीत क्रमांक ५० बरोबर होता, पण नाव ‘शिफ्ट_एल’ नव्हते. तिथे ‘आयएसओ_नेक्स्ट_ग्रुप’ छापलेले होते. त्यानंतर व्हीच्या ओळीत ‘स्टेट’ची (धरलेली बटणे आणि चालू गट सांगणारी) किंमत हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) २००४. ही किंमत फोडून वाचायची असते. शेवटचा ४ म्हणजे कंट्रोल धरलेले आहे. पुढचे २००० म्हणजे दुसरा गट चालू आहे. शिफ्टचा आकडा १, तो कुठेच नाही. शिफ्ट धरलेले असते तर २००५ आले असते.

म्हणजे शिफ्टचे बटण दाबले गेले, पण त्याने शिफ्टचे काम केलेच नाही. त्याने लेआउट बदलला. रायटरला मिळाले ते नुसते कंट्रोल + व्ही, म्हणून मजकूर फॉन्ट-रंगासकट आला.

मग क्रम उलटा करायला सांगितले: आधी शिफ्ट, मग कंट्रोल. आता कंट्रोलच्या जागी ‘आयएसओ_नेक्स्ट_ग्रुप’ आले, आणि व्हीची किंमत २००१. नुसते शिफ्ट + व्ही, इंग्रजी गटात. निवडलेल्या मजकुरावर मोठे व्ही उमटले. ज्याला सगळे ‘लहर’ म्हणत होते ती बोटांच्या क्रमाची बाब होती. घाईत दोन बोटांपैकी कोणते आधी पडते यावर निकाल ठरत होता.

सेटएक्सकेबीमॅप हा लेआउट दाखवणारा आणि बदलणारा आदेश ‘क्वेरी’ पर्यायाने चालवल्यावर कारण छापूनच आले: लेआउट आधी ‘इन’, मग ‘यूएस’, आणि पर्यायात ‘जीआरपी:कंट्रोल_शिफ्ट_टॉगल’. भाषा बदलण्यासाठी कंट्रोल + शिफ्ट नेमले होते. एक्सकेबीची रचनाच अशी आहे की या पर्यायात दोन बटणांपैकी जे दुसरे पडते त्याचा अर्थच बदलतो, आणि तो दाबताक्षणी बदलतो. सोडेपर्यंत वाट पाहिली जात नाही. त्यामुळे तिसरे बटण येईपर्यंत दुसऱ्या बटणाची ओळख गेलेली असते. कंट्रोल + शिफ्टने सुरू होणारा प्रत्येक शॉर्टकट यात मार खातो, टर्मिनलमधला कॉपी-पेस्टसुद्धा. अल्ट + शिफ्ट नेमले असते तर हाच दोष अल्ट + शिफ्ट + टॅबवर आला असता.

तिसऱ्या बिघाडाचा सुगावाही त्याच ओळीत होता: ‘इन’ पहिला, ‘यूएस’ दुसरा. मराठी गटात व्हीच्या बटणावर एक्सईव्ही यू०९२८ दाखवतो, म्हणजे न. कंट्रोलबरोबर ‘न’ आले तर प्रोग्रॅमने काय करावे? बहुतेक आजचे प्रोग्रॅम इतर गटांत डोकावून त्या बटणावर लॅटिन अक्षर सापडते का पाहतात, म्हणून रायटरमध्ये मराठी चालू असतानाही कंट्रोल + सी चालते. काही जुने प्रोग्रॅम शॉर्टकटसाठी फक्त पहिल्या गटातले अक्षर वाचतात. पहिला गट मराठी असल्यामुळे त्यांना सदैव ‘न’ आणि ‘म’च दिसत राहतात, भले त्या क्षणी इंग्रजी चालू असो. ‘इंग्रजीवर गेले तरी चालत नाही’ हे तक्रारीतले सर्वांत विचित्र वाटणारे वाक्य असे अचूक होते. वापरकर्त्याच्या विचित्र वाक्यांकडे दुर्लक्ष करू नये. उत्तर अनेकदा त्यांतच असते.

आणखी एक शक्यता पाहून सोडून दिली. काही प्रोग्रॅम जोड राखताना नमलॉकचा विचार करत नाहीत, मग नमलॉक लावला की शॉर्टकट बंद पडतो. स्टेटमध्ये त्याचा आकडा १० दिसतो. नमलॉक लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे निकाल सारखाच होता.

दुसरा निर्णय: माघार कुणी घ्यायची

कंट्रोल + एफ३ वर दोघांचा दावा होता. रायटरमध्ये ‘टूल्स’ मेनूतल्या ‘कस्टमाइझ’मधून ऑटोटेक्स्टला वेगळे बटण देता आले असते, किंवा विंडो मॅनेजरने जोड सोडून द्यायचा. पहिल्या पर्यायात बदल एकाच प्रोग्रॅमपुरता राहतो, पण बोटांना बसलेली सवय मोडावी लागते, आणि उद्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल + एफ५ हवे झाले की तीच लढाई पुन्हा. कार्यक्षेत्रे न वापरणाऱ्या माणसासाठी बारा जोड अडवून ठेवण्यात काहीच अर्थ नव्हता. विंडो मॅनेजरने माघार घ्यायची असे ठरले.

भाषा बदलण्याच्या जोडावर जास्त वेळ गेला, कारण तिथे तांत्रिक उत्तर सोपे आणि माणसाची सवय कठीण होती.

फक्त डावा कंट्रोल + डावे शिफ्ट असा पर्याय उपलब्ध आहे. सवय जवळपास तशीच राहते आणि उजवे शिफ्ट वापरून बाकीचे शॉर्टकट वाचतात. पण व्ही डाव्या हाताचे, कंट्रोल डाव्या हाताचे आणि शिफ्ट मुद्दाम उजवे हे घाईत पाळणे अवघड. जुना क्रम एकदा जरी पडला तरी मजकूर पुसला जाणार.

सुपर + स्पेस छान वाटते, पण या संगणकावर नुसत्या सुपर बटणावर मेनू उघडण्याचे काम नेमलेले होते. सेटएक्सकेबीमॅपने तात्पुरते लावून पाहिले तेव्हा मेनू मध्ये येत होता.

शेवटी निवडले ते कॅप्स लॉक, आणि तेही अदलाबदल करणारे नव्हे. एक्सकेबीमध्ये असा पर्याय आहे की नुसते कॅप्स लॉक दाबले की पहिला लेआउट, शिफ्ट + कॅप्स लॉक दाबले की शेवटचा. याचा मोठा फायदा असा की आत्ता कोणती भाषा चालू आहे हे पाहण्याची गरज उरत नाही. मराठी हवी तर मराठीचे बटण दाबायचे; आधीच मराठी असेल तरी काही बिघडत नाही. अदलाबदल करणाऱ्या जोडात दोनदा दाबले की परत मूळ ठिकाणी येतो, आणि दिवसभरात चार-पाच शब्द चुकीच्या लिपीत टंकले जातात. दुभाषी टंकनासाठी ठाम निवडीचा हा पर्याय सर्वांत चांगला, आणि तो फार कमी लोक वापरतात.

किंमत एकच: मूळ कॅप्स लॉक जाते. देवनागरीला त्याचा उपयोग नाही. इंग्रजी मथळे मोठ्या अक्षरांत हवे असतील तर मजकूर निवडून रायटरमध्ये शिफ्ट + एफ३ दाबायचे. छोटी अक्षरे, मोठी अक्षरे असे रूप बदलत जाते.

केलेली कृती

सगळ्यात आधी लिबरऑफिसची जुनी प्रोफाइल परत जागेवर आणली. रायटर पूर्ण बंद करून नवा फोल्डर बाजूला केला, जुन्याला मूळ नाव दिले, ऑटोटेक्स्ट परत दिसतो याची खात्री केली.

मग ‘सेटिंग्ज मॅनेजर’ → ‘विंडो मॅनेजर’ → ‘कीबोर्ड’ टॅब. ‘कार्यक्षेत्र १’ ते ‘कार्यक्षेत्र १२’ या ओळी एकेक निवडून ‘क्लिअर’. बदल लगेच लागू होतो, लॉगआउटची गरज नाही. प्रत्येक ओळीनंतर एक्सईव्हीत तो जोड दाबून पाहिला. ‘नोटिफायग्रॅब’ जाऊन साधे ‘कीप्रेस’ आले की पुढची ओळ.

लेआउटचा बदल आधी सेटएक्सकेबीमॅपने तात्पुरता करून दोन तास वापरायला दिला. इथे एक खाच आहे. हा आदेश नवा पर्याय जुन्यांच्या जागी ठेवत नाही, त्यांच्यात भर घालतो. आधी रिकामा ‘ऑप्शन’ देऊन जुने पुसायचे, मग नवा द्यायचा. नाहीतर कंट्रोल + शिफ्ट आणि कॅप्स लॉक दोन्ही चालू राहतात आणि बदलाचा उपयोग झाला नाही असे वाटते. शिवाय हा बदल लॉगिनपुरताच टिकतो. कीबोर्डची वायर काढून पुन्हा लावली तरी उडू शकतो. म्हणून पसंती मिळाल्यावर तो ‘कीबोर्ड’ → ‘लेआउट’ टॅबमध्ये कायमचा केला: यादीत इंग्रजी वर, मराठी खाली, आणि भाषा बदलण्याच्या पर्यायात ‘कॅप्स लॉकने पहिला, शिफ्ट + कॅप्स लॉकने शेवटचा’.

क्रम बदलल्यावर नोंदणी-प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा लागला. चालू असलेली त्याची खिडकी जुनीच मांडणी धरून बसली होती, आणि पहिल्या पाच मिनिटांत ‘याने काही झाले नाही’ असा गैरसमज होऊ घातला होता.

पॅनेलवर लेआउट दाखवणारे प्लगिन लावले आणि त्यात लेआउट ‘प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळा’ असा ठेवला. रायटर मराठीत आणि नोंदणी इंग्रजीत राहते, खिडकी बदलली की लेआउट आपोआप बदलतो.

परिणाम

कंट्रोल + एफ३ आणि कंट्रोल + एफ१२ त्याच दिवशी सुरू झाले. कंट्रोल + शिफ्ट + व्ही दोन्ही क्रमांनी, सावकाश आणि घाईत, पेस्ट स्पेशलची खिडकी उघडू लागले. एक्सईव्हीत आता किंमत मराठीत २००५ आणि इंग्रजीत ५ येते. नोंदणी-प्रोग्रॅममध्ये कॉपी-पेस्ट मराठी गटातही चालते.

सवयीचा भाग सावकाश सुटला. सुरुवातीला बोटे कंट्रोल + शिफ्टकडेच जात होती. आता तिथे काहीच होत नसल्यामुळे निदान नुकसान होत नव्हते. त्याच विभागातल्या दुसऱ्या एकांनी कॅप्स लॉक द्यायला नकार दिला. त्यांना डावा कंट्रोल + डावे शिफ्ट हा पर्याय लावून दिला आणि कार्यक्षेत्रांचे जोड न पुसता सुपर + एफ१ पासून पुढे हलवले, कारण ते कार्यक्षेत्रे रोज वापरतात. सगळ्या संगणकांवर एकच मांडणी लादण्याचा विचार पुढे आला होता. तो सोडून दिला, आणि ते योग्यच झाले.

काय वेगळे करता आले असते

तक्रार नोंदवतानाच तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या: नेमका जोड कोणता, कोणत्या प्रोग्रॅममध्ये, आणि दाबल्यावर काहीच होत नाही की दुसरे काही होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. काहीच होत नसेल तर आधी ग्रॅब शोधा. दुसरेच काही होत असेल तर धरलेल्या बटणांपैकी एखादे गळते आहे, स्टेटचा आकडा पाहा. एकाच प्रोग्रॅममध्ये होत असेल तर लेआउटचा क्रम आणि त्या प्रोग्रॅमची स्वतःची यादी.

एक्सईव्ही पहिल्याच भेटीत चालवले असते तर कीबोर्ड बदलणे, पुन्हा इन्स्टॉल करणे, प्रोफाइल हलवणे हे तिन्ही टळले असते. तो आदेश काहीही बदलत नाही, फक्त दाखवतो. अशा साधनाला नेहमी पहिला नंबर द्यावा.

नव्या संगणकाची मांडणी करतानाच भाषा बदलण्याचा जोड विचारून ठरवायला हवा होता. तो प्रश्न वापरकर्त्यावर सोडला की माणूस पूर्वीच्या सवयीचा जोड निवडतो, आणि त्या जोडाची या डेस्कटॉपवरची किंमत त्याला ठाऊक नसते.

हा विभाग पुढे एक्स११ सोडून वेलँडवर (त्याची जागा घेणारी नवी यंत्रणा) गेला तर हीच तपासणी जशीच्या तशी चालणार नाही. तिथे एक्सईव्हीला फक्त जुन्या पद्धतीच्या खिडक्यांची बटणे दिसतात, त्याऐवजी डब्ल्यूईव्ही वापरावे लागते. एक्स११ वर कुणीही जोड राखू शकतो, तसे तिथे चालत नाही; ते कंपॉझिटर, म्हणजे तिथला खिडक्या सांभाळणारा मुख्य प्रोग्रॅम, ठरवतो. ‘नोटिफायग्रॅब’ची ओळखीची खूण तिथे मिळणार नाही. ईव्हीटेस्ट मात्र तसाच चालतो, कारण तो या सगळ्याच्या खाली, कर्नलपाशी ऐकतो. त्या बदलाच्या वेळी कंट्रोल + एफ३, कंट्रोल + शिफ्ट + व्ही आणि मराठी गटातले कंट्रोल + सी हे तीन जोड स्थलांतराच्या तपासणी-यादीत सर्वांत वर लिहून ठेवले आहेत.